केळ्याचा वास

फेब्रुवारीत पुण्याच्या वेताळ टेकडीवर उंदीरमारी फुललेली असते. शाळेच्या पुस्तकात तिचं नाव गिरिपुष्प. पानं झडून गेलेली, फांदी दिसू नये इतकी फिकट गुलाबी फुलं, आणि झाडाखाली उभं राहिलं की डोक्यावर एकसारखी घूं घूं. हे झाड इथलं नाही, बाहेरून आणून लावलेलं आहे, त्याच्या सावलीत इथलं गवतसुद्धा नीट वाढत नाही, असं टेकडीप्रेमी तळमळून सांगतात. ते बरोबरच आहे. माश्यांना मात्र ते कोणी कळवलेलं नाही.

मी या झाडांखालून गेली कित्येक वर्षं चालते आहे. त्या सकाळी उजव्या कानामागे केसांत काहीतरी अडकलं, अडकल्याजागी थरथरलं, आणि मी विचार न करता तिथं थापट मारली. पुढच्या क्षणी कोणीतरी तापलेली सुई टोचून तिथंच ठेवल्यासारखं झालं. मी 'आई गं' म्हणून खाली बसले. हातात मेलेली माशी आली: तपकिरी, पोटावर पट्टे, नखाएवढी. सातेरी.

टेकडीवर माणूस खाली बसला की दोन मिनिटांत सभा भरते. पहिल्या काकांनी खिशातून चुन्याची डबी काढली. दुसऱ्यांनी किल्ली दिली, लोखंड घासा म्हणाले. एक मावशी झेंडूचा पाला शोधायला निघाल्या. कांदा, तुळशीखालची माती, टूथपेस्ट, बर्फ, एवढंच काय स्वतःची लाळ, असे सल्ले पडत राहिले. एका तरुण मुलानं मोबाइलवर शोधून 'व्हिनेगर' असं जाहीर केलं आणि लगेच 'नाही, ते गांधीलमाशीला' अशी दुरुस्तीही केली. सगळ्यांत शेवटी, रोज एकटेच चालणारे, कोणाशी न बोलणारे एक गृहस्थ आले. त्यांनी एकच विचारलं, "काटा काढलात का?"

नव्हता काढला. कानामागे तो तसाच होता, आणि मी त्याच्यासकट चार मिनिटं उपचारांवरची चर्चा ऐकत होते.

---

या काट्यापासून सुरुवात करायला हवी, कारण त्याच्याइतकी अजब वस्तू माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

आपल्याला चावणारी मधमाशी नेहमी 'ती'च असते. मराठीनं माशीला स्त्रीलिंग दिलं ते या बाबतीत अगदी बिनचूक आहे. नराला नांगी नसतेच, कारण नांगी म्हणजे मुळात अंडी घालण्याच्या नळीचं बदललेलं रूप. राणीची नांगी बरीचशी गुळगुळीत. दुसऱ्या राणीला मारायला राणी ती पुन्हापुन्हा वापरते. कामकरी माशीच्या नांगीला मात्र उलटे दात असतात, गळाला असतात तसे. दुसऱ्या किड्याला डंख मारला तर ती नांगी काढून घेऊ शकते. पण माणसाची कातडी चिवट आणि ताणली जाणारी, तिच्यात हे दात रुततात, आणि माशी उडायला गेली की तिचं पोटच फाटून नांगी मागे राहते. नांगीबरोबर विषाची पिशवी, ती पिशवी दाबणारे स्नायू आणि त्या स्नायूंना हुकूम देणारा मज्जातंतूंचा एक गोळाही मागे राहतो. म्हणजे माशी गेली तरी तिचं हत्यार आपल्या अंगात जिवंत असतं. नांगीची दोन पाती आळीपाळीनं पुढे सरकत आत घुसत राहतात आणि पिशवी विष ढकलत राहते.

किती वेळ? फार नाही. प्रयोगांत असं दिसलं आहे की पिशवीतलं नव्वद टक्के विष पहिल्या वीस सेकंदांत आत जातं आणि मिनिटाभरात पिशवी रिकामी होते. मी चार मिनिटं ऐकलेल्या चर्चेचा वैद्यकीय उपयोग यावरून ठरवावा.

लहानपणी आम्हाला शिकवलं होतं की काटा चिमटीत धरून उपटायचा नाही, पिशवी दाबली जाऊन उरलेलं विषही आत जातं. नखानं किंवा सुरीच्या पाठीनं खरवडून काढायचा. प्रथमोपचाराच्या पुस्तकांतही वर्षानुवर्षं तेच होतं. १९९६ मध्ये व्हिशर, व्हेटर आणि कॅमेझिन या तिघांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा निबंध छापला. त्यांनी माश्यांकडून डंख करवून घेतले, काही काटे खरवडून काढले, काही चिमटीनं, आणि उठलेल्या गांधी मोजल्या. काढायच्या पद्धतीनं काहीच फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो उशिरानं; दोन-चार सेकंदांच्या उशिरानंही गांध मोठी होत होती. म्हणजे सुरी शोधायला पिशवी उघडणारा माणूस नियम पाळून स्वतःचं नुकसान करून घेत होता.

चुन्याची गोष्टही तशीच. विष आम्ल, चुना अल्कली, म्हणून उतारा, असं शाळेत रसायनशास्त्र शिकलेला माणूस आत्मविश्वासानं सांगतो. पण विष कातडीच्या आत जातं आणि चुना कातडीवर बसतो. शिवाय वेदना आम्लाची नसतेच. कोरड्या विषाचा निम्मा भाग मेलिटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. ते पेशींची आवरणं फोडतं. त्याच्या जोडीला असलेली विकरं त्या फुटीतून विषाला आजूबाजूला पसरायला वाट करून देतात. कांदा असो नाहीतर किल्ली, गार स्पर्शानं बरं वाटतं एवढंच. मग सरळ गार पाण्याचा फडका ठेवावा. झेंडू शोधायला गेलेल्या मावशींना मी हे सांगितलं नाही. त्यांनी पाला चोळून आणला होता आणि फार मायेनं लावला.

दुखतं किती, याचंही माणसानं मोजमाप केलं आहे. अमेरिकेतले जस्टिन श्मिट यांनी आयुष्यभर नाना किड्यांचे डंख सोसून वेदनेची एक पट्टी तयार केली, त्यात मधमाशीला चारपैकी दोन गुण आहेत. कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकेल स्मिथ या विद्यार्थ्यानं त्यापुढे जाऊन स्वतःच्या शरीरावरच्या पंचवीस जागी रोज ठरावीक डंख घेतले आणि २०१४ मध्ये निकाल छापला: सर्वांत असह्य जागा नाकपुडी, मग वरचा ओठ, सर्वांत सौम्य जागांमध्ये डोक्याची कवटी आणि दंड. पुढच्या वर्षी त्याला आणि श्मिट यांना विनोदी समजलं जाणारं इग्नोबेल मिळालं. मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसलं नाही. माश्या उठल्यावर त्या तोंडाकडेच का येतात हे ज्यानं पाहिलंय, त्याला नाकपुडीचं महत्त्व कळतं. गडद रंग, हालचाल आणि श्वास या तीन खुणांवर त्या येतात. डोळे, नाक, तोंड आणि काळे केस या सगळ्या खुणा आपल्या मानेच्या वर एकवटलेल्या आहेत.

---

पण खरी गोष्ट वेदनेची नाहीच. काटा रुतला की त्याच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतून एक वास सुटतो. १९६२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी त्यातला मुख्य घटक शोधून काढला: आयसोअमिल अॅसिटेट. मिठाईवाले आणि सरबतवाले ज्या बाटलीतून केळ्याचा स्वाद घालतात, त्या बाटलीतही हाच पदार्थ असतो. माशीच्या भाषेत त्याचा अर्थ केळं नाही. त्याचा अर्थ 'इथं'. जिथं हा वास आहे तिथं पुढचा डंख मारायचा.

डंख हा आपल्याला दिलेला धडा आहे असं आपण समजतो. तो निरोप असतो, आणि आपल्या नावचा नसतो. मरणाऱ्या माशीनं मागच्यांसाठी आपल्या कातडीवर लिहून ठेवलेला तो पत्ता असतो. म्हणून काटा काढायची घाई विषासाठी जितकी, तितकीच या पत्त्यासाठी. काढल्यावरही वास कातडीवर, कपड्यावर राहतो. काटा काढून तिथंच उभं राहून फोटो काढणारे लोक मी पाहिले आहेत.

टेकडीवर सातेरीची एकटीदुकटी माशी, तिचं घर कुठल्यातरी ढोलीत फर्लांगभर दूर. तिच्या निरोपाला तिथं वाचणारं कोणी नव्हतं. सह्याद्रीच्या कड्यावर तसं नसतं.

महाराष्ट्रात मध गोळा करणाऱ्या माश्या मुख्यतः चार. मुंगीएवढी, डंख नसलेली पोयाची माशी. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं लावणारी फुलोरी. ढोलीत किंवा मधपेटीत एकाखाली एक नव्हे तर एकाशेजारी एक अशी सात-आठ पोळी बांधणारी सातेरी. आणि चौथी आग्या. (पाचवी, पाळण्यासाठी आणलेली युरोपीय माशी, पेट्यांत राहते, तिला इथं सोडून देऊ.) आग्या माशी ढोलीत शिरत नाही. कड्याची कपार, वडाची आडवी फांदी, पाण्याची उंच टाकी, पुलाची कमान अशा ठिकाणी ती एकच पोळं उघड्यावर टांगते. ते हातभर ते दीड-दोन हात रुंद असतं आणि त्यावर हजारो माश्यांचा पडदा एकावर एक थरांनी लोंबत असतो. घराला भिंत नाही, दार नाही. माश्यांची अंगं हीच भिंत. ज्याला लपायला जागा नाही त्याचा पहारा कडक असणारच.

पहारा कसा चालतो ते दुर्बिणीतून बघण्यासारखं आहे. मोठी गांधीलमाशी पोळ्याजवळ आली की पडद्यावरून चमकती लाट फिरते. शेजारशेजारच्या माश्या क्षणभर पोट वर उचलतात आणि खाली घेतात, आणि ती उचल पोळ्यावरून सरकत जाते, क्रिकेटच्या मैदानात प्रेक्षक उठून बसतात तशी. ऑस्ट्रियाचे गेराल्ड कास्टबर्गर यांनी नेपाळमध्ये या लाटांचं चित्रण करून २००८ मध्ये दाखवून दिलं की लाटेला बिचकून गांधीलमाश्या पोळ्यावर उतरायच्या थांबतात. म्हणजे आग्या आधी सांगते. गांधीलमाशीला ते वाचता येतं. आपल्याला लाट दिसली तर आपण म्हणतो, "अरे व्वा, व्हिडिओ घे."

या माश्या कायमच्या रहिवासी नसतात. फुलोरा बघून मुक्काम हलवतात, आणि दरवर्षी फिरून त्याच कड्यावर, त्याच झाडावर येतात. सह्याद्रीत पावसाळा सरला की कड्यांवर मोहोळं दिसू लागतात. आणि बरोबर त्याच सुमाराला, दिवाळीची सुट्टी लागली की, आपणही गडांवर जाऊ लागतो. दोघांचा हंगाम एक, वाट एक. फरक इतकाच की ती कपार त्यांची अनेक पिढ्यांची आहे.

---

'मधमाश्यांचा पर्यटकांवर हल्ला' हा मथळा वर्तमानपत्रांना आता टाइप करून ठेवावा लागत असेल. अजिंठ्याच्या लेण्यांजवळ तो अधूनमधून छापून येतो, गडांच्या बाबतीत तर दर हंगामात. २०२५ च्या मार्चमध्ये तिथीच्या शिवजयंतीच्या सुमारास शिवनेरीवर माश्या उठल्या आणि अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. बातमीत हल्ला असतो, जखमींचा आकडा असतो. हल्ल्याआधीची दहा मिनिटं बहुधा नसतात.

ती दहा मिनिटं ऐकायला मी गडांच्या पायथ्याची गावं आणि जुनी डोंगरमंडळी यांच्याकडे गेले. चाळीस वर्षं सह्याद्रीत फिरलेले एक गृहस्थ बोटांवर मोजत सांगत होते, "धूर. पहिला धूर. मुक्कामाची चूल कपारीखाली मांडायची, का तर वारा लागत नाही. मग दगड. लहान पोरंच मारतात असं नाही, चांगले मिशीवाले मारतात. मग ढोल-ताशा, फटाके. आता ड्रोन आला. आणि अत्तर, गडावर चालताना माणसाला घामाचा वास यायला काय हरकत आहे?" मग थोडं थांबून म्हणाले, "आणि कधीकधी काहीच नाही. मधुबाज येतो, पोळ्याचा लचका तोडतो, जातो उडून. खालून आपण चाललेलो असतो."

हा मधुबाज नावाचा पक्षी पोळ्यांवरच जगतो. त्याच्या तोंडावरची पिसं खवल्यांसारखी घट्ट असतात, त्याला डंख फारसा लागत नाही. चिडलेल्या माश्यांना मग जे हाताला लागेल ते. सगळा दोष माणसाचाच असतो असं म्हणणाऱ्या निसर्गप्रेमींनी हे ध्यानात ठेवावं. आणि चूक नसताना मार खाल्लेल्या माणसानं 'काय केलं होतंस तू?' हा प्रश्न ऐकून घेऊ नये.

त्याच गृहस्थांनी एक प्रसंग सांगितला. गडाचं नाव त्यांनी सांगितलं, मी लिहीत नाही. वीसेक जणांचा गट, खडकात खोदलेल्या पायऱ्या, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. वरच्या कड्यावर तीन मोहोळं. पुढच्या गटातल्या कोणीतरी काहीतरी केलं आणि माश्या खाली आल्या. "आवाज आधी येतो. पाऊस येतो ना दरीतून, तसा. पायऱ्यांवर पळता येत नाही. पळालास तर गेलास दरीत. मी ओरडलो, बसा, तोंड झाका. काही बसले. एक मुलगा हात फिरवत उभा राहिला. त्याला सगळ्यांत जास्त लागले."

मग पळायचं की बसायचं? मी हा प्रश्न प्रत्येकाला विचारला आणि उत्तरांत एकवाक्यता नाही हे आधीच सांगते. एक-दोन माश्या घिरट्या घालत असतील तर त्या पहारेकरी आहेत, चाचपायला आल्या आहेत. हात न हलवता, आल्या वाटेनं हळू मागे फिरावं, यावर सगळे ठाम. मोहोळ उठलंच, आणि पायाखाली जमीन सपाट असेल, तर तोंड झाकून एका दिशेनं सुटावं आणि लवकर थांबू नये; सातेरी थोडक्यात नाद सोडते, आग्या लांबवर पाठलाग करते. बंद गाडी किंवा घर मिळालं तर उत्तम, दाट झुडपातून गेलं तरी पाठलाग तुटतो. तळ्यात उडी मारू नये, त्या वर वाट बघतात आणि माणसाला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. पण कड्यावर, पायऱ्यांवर, दोराला लटकलेले असताना यातलं काही चालत नाही. तिथं घोंगडी, चादर, बॅग, जे असेल ते अंगावर ओढून बसणं हाच उपाय. कित्येकांना विषानं कमी आणि पडण्यानं जास्त इजा होते.

---

गडाच्या पायथ्याजवळच्या एका ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरबाई भेटल्या. त्यांच्याकडे हंगामात असे रुग्ण येतात. येतात ते चुना फासून. "आधी तो धुवायचा, मग काटे दिसतात," त्या म्हणाल्या. एकदा एका काकांच्या डोक्यातून नि मानेतून त्यांनी नर्सबरोबर बसून चिमट्यानं काटे काढले. शंभराच्या पुढे मोजायचं सोडून दिलं. काका शुद्धीत होते आणि 'हळू गं बाई' म्हणत होते. ते वाचले. त्याच आठवड्यात दुसऱ्या एकाला एकच डंख झाला होता आणि त्याला आणला तेव्हा रक्तदाब लागत नव्हता.

हे दोन निरनिराळे आजार आहेत, फक्त माशी एक. पहिल्यात प्रश्न विषाच्या मात्रेचा. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे एकोणीसच्या आसपास डंख झाले तर जिवाचा धोका निम्म्याला निम्मा, असा एक अंदाज संशोधकांनी मांडलेला आहे. साठ किलोच्या माणसाला तो हजाराच्या वर जातो. लहान मूल, म्हातारं माणूस, हृदयाचा रुग्ण यांना हा हिशेब लावू नये. शेकड्यांनी डंख झाले की स्नायू विरघळू लागतात, त्यांचा चोथा मूत्रपिंडात अडकतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळ्या चहासारखी लघवी होते. म्हणून 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी गेलेल्या माणसाला डॉक्टर परत बोलावतात.

दुसऱ्यात मात्रेचा प्रश्नच नाही. त्याची उकल एका शाही नौकेवर सुरू झाली. मोनॅकोचा प्रिन्स पहिला अल्बर्ट याच्या नौकेवर १९०१ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रातल्या जीवांचं विष अभ्यासत होते. पॅरिसला परतून त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. थोडं थोडं विष देऊन कुत्र्याला सवय होईल अशी अपेक्षा. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला तीनेक आठवड्यांनी पुन्हा तितकीच मात्रा दिली आणि तो अर्ध्या तासाच्या आत मेला. शरीर सवय करून घेण्याऐवजी डूख धरून बसलं होतं. रिशे यांनी त्याला अॅनाफिलॅक्सिस असं नाव दिलं, आणि १९१३ मध्ये त्यांना या कामासाठी नोबेल मिळालं. म्हणून 'मला लहानपणी माशी चावली होती, काही झालं नव्हतं' हे वाक्य डॉक्टरांना धीर देणारं वाटत नाही.

खूण ओळखता येते. डंखाची जागा सुजणं, हात कोपरापर्यंत फुगणं हे भीतीदायक दिसलं तरी बहुतेकदा स्थानिक असतं. डंख हाताला आणि खाज सगळ्या अंगाला, पित्त उठल्यासारख्या गांधी, ओठ-जीभ जड, आवाज घोगरा, धाप, उलटी, 'मला कसंतरी होतंय' असं म्हणून बसकण मारणं, हे दुसऱ्या जातीचं. ते बहुधा काही मिनिटांत, फार तर तासाभरात सुरू होतं. त्यावर औषध एकच, अॅड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. अॅव्हिल, सेट्रिझिन, स्टेरॉइड ही मागाहून येणारी मंडळी. खाज त्यांनी थांबते, बसणारा घसा आणि कोसळणारा रक्तदाब नाही. डॉक्टरबाईंची सर्वांत मोठी तक्रार हीच होती की आधी अॅव्हिल देऊन वाट बघतात आणि अॅड्रेनॅलिनला घाबरतात. आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. अशा माणसाला उठवून चालवायचं नाही. आडवं ठेवायचं, पाय उंच. धाप फार असेल तर टेकून बसवायचं. रक्तदाब पडलेला माणूस एकदम उभा राहिला की हृदयाकडे परतणारं रक्तच संपतं, आणि तो उभ्या उभ्या जातो.

इथं माझ्या वहीत मी दोन रकाने केले. एकीकडे: विष आत जायला एक मिनिट, घसा बसायला दहा-वीस मिनिटं. दुसरीकडे: माथ्यावरून पायथ्याचं गाव दोन तास, गावातून डांबरी रस्ता अर्धा तास, तिथून इंजेक्शन मिळेल असं ठिकाण आणखी पाऊण तास, १०८ ला फोन लावायला रेंज पठाराच्या एका टोकाला. आणि ज्याला चालवायचं नाही त्याला उतरवायचं कसं? महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरशी जोडलेली स्वयंसेवक पोरं स्ट्रेचर घेऊन रात्रीबेरात्री वर चढतात, त्यांच्याबद्दल लिहावं तेवढं थोडं. पण तीही खालूनच निघतात.

म्हणजे औषध गडावर असायला हवं. पाश्चात्त्य देशांत अॅलर्जीचे रुग्ण खिशात पेनासारखं तयार इंजेक्शन ठेवतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. मिळते ती साधी काचेची कुपी, स्वस्त, कुठल्याही मोठ्या औषधाच्या दुकानात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. ती फोडून, मोजून, टोचायला शिकलेला माणूस गटात हवा. पैसे घेऊन शंभर-शंभर माणसं रविवारी गडावर नेणारे आता बक्कळ झाले आहेत. त्यांच्यापैकी सहा जणांना मी विचारलं. चौघांनी प्रथमोपचाराची पेटी दाखवली, पट्ट्या, स्प्रे, पोटदुखीच्या गोळ्या. एकाकडे कुपी होती आणि सिरिंज नव्हती. एकाकडे दोन्ही होतं, आणि ते कसं द्यायचं हे तो ओळखीच्या डॉक्टरकडून शिकून आला होता. का, विचारलं तर म्हणाला, "एकदा नव्हतं." पुढे त्यानं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

---

वासाचं कुतूहल मात्र राहून गेलं होतं. टेकडीवर मला कसलाच वास आला नव्हता. चुना आणि झेंडू यांच्यापुढे येणार तरी कसा.

महाबळेश्वरच्या आसपास सातेरी पाळणारी गावं आहेत. त्यातल्या मांघरला २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून मान मिळाला. जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा असा तिथला फुलोरा, आणि सात-आठ वर्षांनी कारवी. या भागातल्या एका मधपाळ आजोबांकडे मी गेले. घरामागे उतारावर पेट्या, प्रत्येकीवर पत्रा आणि पत्र्यावर दगड. आजोबांनी झाकण उघडून चौकट उचलली ती उघड्या हातांनी, इतकी सावकाश की माझाच श्वास अडकला. "घाई केली का चिरडती एखादी," ते म्हणाले. "एक चिरडली का बाकीच्यांना कळतं."

किती डंख झाले असतील आयुष्यात, विचारलं. ते हसले. जंगलात आग्याचा मध काढायला तरुणपणी जात असत, अंधाऱ्या रात्री, घोंगडी पांघरून, ओल्या पाल्याच्या धुरात. उजेडाकडे माशी धावते म्हणून बॅटरी नाही. "तवा अंगावर मोजायला जागा नव्हती. आता पेटीवाल्या बायका चावल्या तरी सूज येत नाही." ज्यांचं शरीर सरावतं त्यांच्यातले ते एक, नेपच्यूनसारखं डूख धरणाऱ्यांतले नाहीत. गावातल्या दुसऱ्या एका मधपाळाला तिसऱ्या वर्षी पेट्या विकाव्या लागल्या होत्या, एका डंखानं तो दवाखान्यात पोचला होता. दोघे सख्खे चुलतभाऊ.

मी वासाबद्दल विचारलं. आजोबांनी माझ्याकडे जरा बघितलं, मग डाव्या हाताची करंगळी पुढे केली. चौकट ठेवताना एक चावलीच होती, त्यांनी सांगितलंही नव्हतं. काटा अजून तिथं होता, पिशवी बारीक हलत होती. त्यांनी नखानं तो उडवला आणि बोट माझ्या नाकाजवळ आणलं.

लहानपणी जत्रेत मिळायच्या त्या पिवळ्या गोळ्या. खरं केळं नव्हे, गोळीतलं केळं. मी दुसऱ्यांदा हुंगायला पुढे झाले तेवढ्यात पेटीच्या तोंडाशी पाच-सहा माश्या येऊन उभ्या राहिल्या, शेपट्या वर करून. एकीनं उडून आजोबांच्या हाताभोवती चक्कर मारली.

आजोबांनी झाकण ठेवलं, त्यावर दगड ठेवला. करंगळी धोतराच्या सोग्याला पुसली.

"चला," ते म्हणाले, "आता हितं थांबायचं नाही. चहा घ्या घरात."